टूसॉनच्या दोन रात्री: कोरडवाहू जिभेला काय मानवतं, काय नाही

यवतमाळ, वाशीम, वर्ध्याकडच्या खेड्यांतले बरेच आईवडील आता लेकराकडे म्हणून अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात फिनिक्स-चँडलरला तीन-चार महिने राहून येतात. तिथं शनिवार-रविवार मोकळा मिळाला की ग्रँड कॅन्यन नाहीतर लास वेगास ठरलेलं. पहिल्यात गाडीत बसून कंबर धरते, दुसऱ्यात खिसा रिकामा होतो. दक्षिणेला १८० किलोमीटरवर, पावणेदोन तासांच्या सरळ रस्त्यावर टूसॉन आहे, ते सहसा कुणी सुचवत नाही. युनेस्कोनं डिसेंबर २०१५ मध्ये खाद्यसंस्कृतीसाठी अमेरिकेतलं जे पहिलं शहर निवडलं, ते हेच.

निकाल आधीच सांगून टाकू. शुक्रवार संध्याकाळ ते रविवार दुपार एवढ्यासाठी हे शहर उत्तम आहे, पण नुसतं ‘मेक्सिकन खायला’ म्हणून गेलात तर चीजचा थर आणि पोटाला जडपणा, एवढंच पदरी पडेल. तिथल्या कोरड्या मातीत पिकतं ते शोधून खाल्लं तर विदर्भातल्या माणसाला ताटातल्या निम्म्या गोष्टी न सांगता कळतात. वर्षाचा पाऊस ३०० मिलिमीटरच्या आत. त्यातला निम्मा जुलै ते सप्टेंबरमध्ये, बाकीचा बहुतेक हिवाळ्यात. तरी सांता क्रूझ नदीच्या काठावर ४,००० वर्षांहून जास्त काळ शेती झाल्याच्या खुणा सापडल्या आहेत. मका, कडधान्य, डांगर, मिरची हे मूळचं; गहू सतराव्या शतकाच्या शेवटी स्पॅनिश पाद्र्यांबरोबर आला आणि हिवाळी पावसावर रुजला. म्हणजे खरीप-रब्बीचं गणित तिथंही आहेच.

कधी जावं

ऑक्टोबरचा उत्तरार्ध ते एप्रिल. दिवसा स्वेटर लागत नाही, रात्री लागतो. जानेवारीच्या शेवटापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत मात्र टाळाच. तेव्हा रत्न-खनिजांचं मोठं प्रदर्शन भरतं, खोल्या मिळत नाहीत आणि मिळाल्या तर भाव डोळे पांढरे करतात. ऑक्टोबरात ‘टूसॉन मीट युवरसेल्फ’ नावाची लोकजत्रा भरते, १९७४ पासूनची. गावातले लोक तिला ‘टूसॉन ईट युवरसेल्फ’ म्हणतात यावरून तिथं काय चालतं ते समजा. एकाच मैदानात वेगवेगळ्या समाजांच्या चुली बघायच्या असतील तर हा शनिवार-रविवार सगळ्यात चांगला, आरामाला सगळ्यात वाईट.

मे-जूनमध्ये पारा चाळिशीत जातो. चंद्रपूर-ब्रह्मपुरीचा उन्हाळा काढलेल्यांना त्याचं काही वाटणार नाही, आणि त्या दिवसांत मोठ्या हॉटेलांचे दर पडतात हा फायदा. खोली घेताना एक गोष्ट तेवढी बघायची. जुन्या घरांच्या आणि स्वस्त लॉजच्या छतावर आपल्याकडच्यासारखे पाण्याचे कूलर असतात. मे-जूनच्या कोरड्या हवेत ते झकास चालतात. पावसाळी दमट हवा आली की फक्त ओली हवा फेकतात आणि अंथरूण चिकट होतं. तिथल्या हवामान खात्यानं पावसाळ्याचा काळ २००८ पासून १५ जून ते ३० सप्टेंबर असा ठरवून टाकला आहे, प्रत्यक्षात दमटपणा जुलैत सुरू होतो. तेव्हा जुलै-ऑगस्टला जाणार असाल तर खोलीत एसी आहे की कूलर, हे बुकिंगआधी लिहून विचारा.

कुठं उतरावं

दोन रात्री, एकच खोली. जागा बदलण्यात अर्धा दिवस जातो. गावाच्या मधोमध १९१९ सालचं हॉटेल काँग्रेस आहे. इमारत सुंदर, पण खाली गाणंबजावणं चालतं आणि शनिवारी ते उशिरापर्यंत असतं. आईवडील सोबत असतील तर ते नको. १९३० पासूनचं ॲरिझोना इन विद्यापीठाजवळ आहे, मोठी बाग, एकमजली-दुमजली गुलाबी इमारती, शांतता. महाग आहे, पण आरामाचे पैसे कुठं खर्चायचे असतील तर इथं. उत्तरेकडच्या डोंगरपायथ्याच्या रिसॉर्टांतून नजारा छान दिसतो, मात्र प्रत्येक जेवणाला वीस-पंचवीस मिनिटं गाडी काढावी लागते आणि मग माणूस कंटाळून तिथल्याच बुफेत जेवतो. खाण्यासाठी गेलेल्यानं तिथं राहू नये.

सन लिंक ट्राम २०१४ पासून विद्यापीठ, फोर्थ ॲव्हेन्यू, डाउनटाउन आणि पश्चिमेचा मर्काडो म्हणजे बाजार जोडते. तिच्या रुळापासून चालत पाच-सात मिनिटांत असलेली खोली घेतली की शनिवारी गाडी फारशी काढावी लागत नाही.

शाकाहारी आणि गोमांस न खाणाऱ्यांनी आधी हे वाचावं

बहुतेकांचा घोटाळा इथंच होतो. टूसॉनला दक्षिणेकडून लागून असलेला मेक्सिकोचा सोनोरा प्रांत हा गुराढोरांचा मुलूख, आणि टूसॉनचं खाणं तिथलंच. तिथं ‘मांस’ म्हटलं की गृहीत धरलेलं गोमांस असतं. ‘कार्ने आसादा’ म्हणजे निखाऱ्यावरचं गोमांस, ‘कार्ने सेका’ म्हणजे वाळवलेलं गोमांस. ‘बिर्रिया’ मूळची बकऱ्याची असली तरी टूसॉनमध्ये ती बहुतेक ठिकाणी गाईचीच मिळते. सावजी मटणाची सवय असलेल्यानं नावावर विश्वास ठेवून मागवू नये. कोंबडी हवी तर ‘पोयो’, मासे-कोळंबी हवी तर ‘मारिस्कोस’ची पाटी असलेली दुकानं. कॅलिफोर्नियाचं आखात चार-पाच तासांवर असल्यानं कोळंबी चांगली असते.

शाकाहाऱ्यांनी नुसतं ‘नो मीट’ म्हणून भागत नाही. घोटलेल्या घेवड्यात डुकराची चरबी असते, तिला ‘मांतेका’ म्हणतात. लाल भात पुष्कळदा कोंबडीच्या पाण्यात शिजवतात. गव्हाच्या टॉर्टियात, म्हणजे तिकडच्या पोळीतही परंपरेनं मांतेकाच, अलीकडे बऱ्याच ठिकाणी वनस्पती तूप. म्हणून प्रश्न तीन: घेवड्यात मांतेका आहे का, भात कशाच्या पाण्यात शिजवला, टॉर्टियाच्या कणकेत काय आहे. ‘सिन मांतेका’ म्हणजे चरबीशिवाय, एवढे दोन शब्द पाठ करा. सुनेला किंवा लेकाला विचारायला लावावं, संकोच करू नये. तिथले वाढपी रोज हे प्रश्न ऐकतात. मक्याचा टॉर्टिया मात्र निर्धास्त: मका, चुन्याचं पाणी, बस्स.

घरात माळकरी कुणी असेल तर टुमेरिको गाठा. पूर्ण शाकाहारी मेक्सिकन स्वयंपाक, फळ्यावरचा पदार्थ रोज बदलतो, फणसाचा मांसासारखा वापर करतात. चव तिखटाला घाबरणारी नाही. शनिवारी सकाळी रांग असते, अकराच्या आत जा.

सगळीकडे मिळणारा दुसरा भरवशाचा पदार्थ चीज क्रिस्प. मोठा पातळ टॉर्टिया उघडाच भट्टीत कडक करतात, वर चीज आणि भाजलेल्या हिरव्या मिरचीच्या पट्ट्या. टूसॉनची खास वस्तू. चार जणांत एक मागवा, दोन मागवले तर पुढचं जेवण होत नाही. मधोमध मऊ पडला असेल तर चीज जास्त झालंय. ‘लाइट चीज, एक्स्ट्रा क्रिस्प’ असं आधीच सांगितलेलं बरं.

निवडुंगाच्या कोवळ्या पानांची भाजी, ‘नोपालितोस’, टाकोत घालून मिळते. ती भेंडीसारखी चिकट असते आणि उपायही तोच: झाकण न ठेवता पाणी आटेपर्यंत परतायची. एखाद्या ठिकाणी ती लिबलिबीत आली तर स्वयंपाक्यानं घाई केली म्हणायचं, निवडुंगाला दोष नाही.

गहू, टॉर्टिया आणि पाव

मडक्यावरची लांब पोळी हातावर फिरवून वाढवताना ज्यानं पाहिली आहे, त्याला ‘सोबाकेरा’ बघून नवल वाटणार नाही. हातभर रुंदीचा, कागदासारखा पातळ गव्हाचा टॉर्टिया, दोन्ही हातांच्या कोपरापर्यंत ताणत नेतात आणि उलट्या घमेल्यासारख्या फुगीर तव्यावर टाकतात. यासाठी जुना ‘व्हाइट सोनोरा’ गहू लागतो. दाणा फिका, गोलसर, मऊ. कणीक तुटल्याशिवाय ताणते. हरितक्रांतीच्या वाणांनी तो जवळपास संपवला होता. आता टूसॉनजवळच्या मराना गावच्या शेतांत पुन्हा पेरतात.

बॅरिओ अनिता वस्तीतलं अनिता स्ट्रीट मार्केट टॉर्टियासाठीच जावं असं दुकान. डझनावर मिळतात. चांगल्या टॉर्टियाची खूण: उजेडात धरला तर ठिकठिकाणी अर्धपारदर्शक दिसतो, फोड तपकिरी असतात, घडी केली तर चीर पडत नाही. गरम घेतला तर प्लास्टिकची पिशवी लगेच बंद करू नका, वाफेनं घाम सुटून ते एकमेकांना चिकटतात, फडक्यात गुंडाळा. दुसऱ्या दिवशी कोरड्या तव्यावर प्रत्येक बाजूला दहा सेकंद. मायक्रोवेव्हमध्ये चामडं होतं.

पाव खाणाऱ्यांसाठी बॅरिओ ब्रेड. त्याचे बेकर डॉन गेरा यांना २०२२ मध्ये जेम्स बेअर्ड या अमेरिकेतल्या खाद्यक्षेत्राच्या मानाच्या पुरस्कारांत देशातल्या उत्कृष्ट बेकरचा मान मिळाला. आंबवलेला, स्थानिक गव्हाचा, जाड कवचाचा पाव. दुपारपर्यंत चांगले प्रकार संपतात आणि रविवारी बंद असतं, म्हणून शनिवारी सकाळीच. आपल्या घरातल्या ज्येष्ठांना त्याचं कवच दाताला कठीण जातं. कापून, तूप लावून तव्यावर शेकला तर जातो. नुसता खाऊन ‘कच्चा आहे, आंबट आहे’ म्हणून बाजूला सारू नका.

तेपरी, मेस्कीट, चिल्तेपीन

या तीन गोष्टी चाखल्याशिवाय टूसॉन खाल्लं असं धरू नये. आणि गंमत म्हणजे चांगल्या हॉटेलांतही या मागितल्याशिवाय समोर येत नाहीत.

तेपरी हे बारीक दाण्याचं कडधान्य, तपकिरी आणि पांढरं. टोहोनो ओधम या तिथल्या मूळ रहिवाशांचं जुनं अन्न. उन्हाळी पावसाच्या एक-दोन जोरदार सरींवर येतं. पाणी जास्त झालं तर पाला माजतो आणि शेंगा कमी लागतात, हे मूग-मटकी पेरणाऱ्याला समजावून सांगायला नको. पांढरी तेपरी गोडसर, तपकिरीला मातकट वास. पाकीट घेऊन चँडलरच्या घरी शिजवायची तर निवडून खडे काढा, रात्रभर भिजवा. भिजवूनही उघड्या पातेल्यात तीन-चार तास घेते, प्रेशर कुकर काढलेला बरा. टोमॅटो, चिंच, लिंबू दाणा पूर्ण शिजल्यावरच; आंबट आधी पडलं तर साल कडकच राहते आणि मग कितीही शिट्ट्या करा. लसूण, जिरं, सुकी मिरची घालून पातळ आमटी केली की भाकरीसोबत अगदी चपखल.

मेस्कीट म्हणजे आपल्याकडच्या वेड्या बाभळीची चुलतबहीण. आपण तिला सरपण आणि कुंपणापलीकडे काही समजत नाही. तिथं शेंगांचं पीठ करतात. पिठाला चॉकलेट-गुळासारखा वास येतो. दळणही साधं नाही. बी इतकं टणक की दगडी जातं त्यापुढे टिकत नाही, हातोड्यांची चक्की लागते, आणि गोडवा बियांत नसून शेंगेच्या गरात असतो. शेंग वाळून कटकन मोडेल तेव्हा, पहिल्या पावसाआधी, जूनमध्ये तोडायची. पाऊस खाल्लेल्या शेंगेवर बुरशी धरते. म्हणून पाकिटावर विकणाऱ्याचं नाव आणि तोडणीचा हंगाम लिहिलेला असेल तेच घ्या. कणकेत चार भागांत एक भाग यापेक्षा जास्त घालू नका. चिकटपणा नसल्यानं पोळी तुटते आणि साखरेमुळे तवा जरा तापला तरी करपते.

तेपरी आणि मेस्कीट दोन्ही सॅन झेवियर सहकारी शेतीच्या दुकानात मिळतात. शहराच्या दक्षिणेला, टोहोनो ओधम लोकांच्या जमिनीवर.

चिल्तेपीन ही रानमिरची, वाटाण्याएवढीही नाही, गोल. टूसॉनच्या दक्षिणेला तुमाकाकोरीच्या डोंगरात तिच्यासाठी १९९९ पासून राखीव वनक्षेत्र आहे. भिवापुरी मिरचीचा तिखटपणा चढत जातो आणि रेंगाळतो. ही एकदम डोक्यात जाते आणि दोन-तीन मिनिटांत निघून जाते. टेबलावर छोट्या लाकडी कुटणीत ठेवतात. एका वाटी आमटीला दोन दाणे. बोटांनी चुरून डोळ्याला हात लावू नका, ठेचा कुटणाऱ्यालाही हे सांगावं लागतं कारण दाणा बघून कुणी घाबरत नाही.

मांसाहाऱ्यांसाठी थोडक्यात

सोनोरन हॉट डॉगला डुकराच्या मांसाची पट्टी गुंडाळलेली असते, आतल्या सॉसेजमध्ये गोमांसही असू शकतं. ज्यांना चालतं त्यांनी एल ग्वेरो कनेलोत खावा, त्याला २०१८ मध्ये जेम्स बेअर्डचा ‘अमेरिकाज क्लासिक्स’ सन्मान मिळाला. पाव फक्त वरून चिरलेला, त्यामुळे घेवडा, कांदा, टोमॅटो, मेयोनीज, मोहरी काही सांडत नाही. सोबतची भाजलेली पिवळी मिरची सोडू नका. एल चारो हे १९२२ चं, त्याच्या छतावरच्या जाळीच्या पिंजऱ्यात मांस वाळत टाकतात; आपल्या वाळवणाच्या खाटेला पिंजरा घातला तर जसं दिसेल तसं. बघायला जावं, मात्र पर्यटकांची गर्दी असते आणि जेवण त्या नावाइतकं उंच नाही.

शनिवार कसा लावावा

सकाळी आठला मिशन गार्डन. ‘ए’ डोंगराच्या पायथ्याला मातीच्या भिंतीत वेढलेली बाग, आत काळानुसार लावलेले वाफे: ओधम लोकांची पिकं, स्पॅनिश काळातले अंजीर-डाळिंब-क्विन्स, चिनी माळ्यांची भाजी. पाटाचं पाणी खेळवलंय. शेतकऱ्याला तिथं तास-दीड तास कसा गेला कळत नाही, आणि स्वयंसेवक नांगरटीपासून बियाण्यापर्यंत सगळं सांगतात. रोज उघडी नसते आणि दुपारनंतर बंद होते, वेळ त्यांच्या संकेतस्थळावर बघूनच निघा. तिथून मर्काडो चालत पंधरा मिनिटं, ला एस्त्रेयाचा गोड पाव आणि कॉफी. मग ट्रामनं टुमेरिको.

दुपारी एक ते चार खोलीत. पडदे ओढा, झोपा. तिथंही उन्हात फिरणारे फक्त पाहुणे असतात. हवा इतकी कोरडी की घाम दिसत नाही, तहान लागली असं वाटत नाही आणि संध्याकाळी डोकं धरतं. माणशी तीन लिटर पाणी, त्यात एक-दोन वेळा मीठ-लिंबू.

चारनंतर रास्पादो. बर्फाच्या गोळ्यासारखाच, पण काडीवर नसून पेल्यात, खऱ्या फळाच्या फोडी आणि आटवलेलं दूध घालून. आंब्याचा घेताना ‘चमोय’ घालू का विचारतील; आंबट-खारट-तिखट सॉस आहे, कैरीवर तिखटमीठ आवडणाऱ्यांनी हो म्हणावं. गुलाबी रंगाचं प्रत्येक पेय नागफणीच्या फळाचं नसतं, तेव्हा ‘प्रिकली पेअर’ लिहिलेलं दिसलं तरी सिरप कुणाचं ते विचारा. फळ ऑगस्टमध्ये पिकतं, तेव्हा ताजा रस मिळतो.

रात्रीचं जेवण सातच्या आत. मि निदितोसारख्या नावाजलेल्या जागी आगाऊ टेबल मिळत नाही. साडेपाचला गेलात तर बसता, सातला गेलात तर तास-दीड तास उभे. बिलावर कर वेगळा लागतो, टिप १८ ते २० टक्के. आठ जणांचं कुटुंब असेल तर टिप पुष्कळदा बिलातच धरलेली असते, बिल बघा आणि दुसऱ्यांदा देऊ नका.

रविवार

रिल्लितो पार्कचा शेतकरी बाजार सकाळी. मग सॅन झेवियरचं पांढरं चर्च, १७९७ मध्ये पूर्ण झालेलं. बाहेर मांडवाखाली ओधम बायका फ्राय ब्रेड तळतात, ताटाएवढी फुगीर पुरी, मध किंवा घेवडा घालून. तळण कशाचं ते विचारा. दोघांत एक पुरते. उन्हाळ्यात चर्चऐवजी माउंट लेमन बरा: वर जाता जाता हवा खालच्यापेक्षा सुमारे १५ अंशांनी थंड होते, चिखलदऱ्याची आठवण येते. खाण्यासाठी वर विशेष काही नाही.

कुणी पुढे दक्षिणेला तुबाक गावाकडे जाणार असेल तर आय-१९ महामार्गावर परतताना सीमा पोलिसांचा नाका लागतो. व्हिजिटर व्हिसावाल्या आईवडिलांचा पासपोर्ट चँडलरच्या कपाटात ठेवून चालणार नाही.

परतीच्या आय-१० वर पिकाचोच्या आसपास पावसाळ्यात धुळीचे लोट उठतात. समोर भिंत दिसली तर रस्ता पूर्ण सोडून बाजूला थांबा, सगळे दिवे बंद करा, ब्रेकवरचा पाय काढा. दिवा चालू राहिला तर मागचा चालक तो चालत्या गाडीचा समजून तुमच्यावरच येतो. आणि वाहत्या नाल्यावर लावलेला अडथळा ओलांडून गाडी घालू नका. तिथं १९९५ पासून कायदा आहे, अडकलात तर बाहेर काढण्याचा खर्च चालकाकडून वसूल होऊ शकतो.

याच रस्त्याला कापूस लागतो. हिवाळ्याच्या तोंडाशी बोंडं फुटलेली आणि धुऱ्याजवळ प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले कपाशीचे गोल गठ्ठे, माणसाच्या उंचीपेक्षा मोठे. ‘पिमा’ कापसाचं नाव इथल्याच पिमा लोकांवरून पडलं. शेतकरी बापाला इथं गाडी थांबवावीशी वाटतेच. महामार्गावर नाही, एक्झिट घेऊन आतल्या रस्त्यावर थांबा.

तेपरीचं किंवा गव्हाचं बियाणं पिशवीत घालून गावी पेरायचा विचार प्रत्येकाच्या मनात येतो. २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशानुसार त्याला आयात परवाना आणि रोगमुक्तीचं प्रमाणपत्र लागतं. नसेल तर विमानतळावर जप्त. दाणे लेकराच्या घरीच शिजवून संपवा. आणायचीच तर नागफणीच्या सिरपची सीलबंद बाटली आणा, झाकणावर टेप लावून, चेक-इन बॅगेत कपड्यांच्या मधोमध. हातातल्या बॅगेत ती १०० मिलिलिटरच्या नियमात अडकते.